पहिल्या अक्षरापाशी

आत्यानं कागद हातभर लांब धरला, मग चष्म्याजवळ आणला आणि त्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्यात अक्षर कुठंय?"

अक्षर होतं. 'किनारा' शब्दातला 'कि'. पहिल्या वेलांटीची मी लाट केली होती, 'क'च्या पोटात होडी बसवली होती आणि शिरोरेषेवर बगळे. कोकणातल्या आठवणींचं एक पुस्तक माझ्याकडे सजावटीला आलं आहे. प्रकरणं अकरा, म्हणून दर प्रकरणाच्या सुरुवातीला एक अशी अकरा अक्षरं रंगवायची मी ठरवली. आत्यानं अडतीस वर्षं पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. खिळ्यांच्या गॅलीपासून संगणकापर्यंत सगळं तिच्या डोळ्यांखालून गेलं. लग्नपत्रिका हातात आली तरी तिला आधी त्यातला सुटलेला अनुस्वार दिसतो. तिच्या प्रश्नात खोच नव्हती. तिला खरंच अक्षर सापडत नव्हतं, आणि म्हणूनच ते मला लागलं.

"वाचणाऱ्यानं 'किनारा' वाचायचा की होडी बघत बसायचं?"

"दोन्ही."

"दोन्ही एकदम होत नाही गं. तू 'कि' एवढा मोठा केलास आणि 'नारा' बारीक. शिरोरेषा तुटली. शब्दाचे दोन तुकडे झाले. उद्या 'क्षितिज' आलं तर? वेलांटी आधी, तिच्यामागे 'क्ष'. एवढं सगळं उचलून चौकटीत बसवणार? आपल्या लिपीला हे सोसत नाही. अक्षर कसं असावं, वाचलं की विसरलं जावं. तू त्याला नटवून रस्त्यात उभं केलंस."

"हे आपल्याकडचं नाहीच," मी म्हणाले. "ज्यांचं आहे त्यांच्याकडे कसं होतं ते बघ आधी." आणि जेवणाचं टेबल पुसून मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला.

बुक ऑफ केल्स. लॅटिन शुभवर्तमानांची ही प्रत इसवी सन ८०० च्या सुमारास आयरिश भिक्षूंनी लिहिली, आज ती डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. मी चौतिसावं पत्र उघडलं. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताच्या जन्माची हकिगत जिथे सुरू होते, तिथे त्याच्या नावाची तीन ग्रीक अक्षरं पानभर पसरली आहेत. त्यातल्या 'खी'चा एक पाय डावीकडे खालपर्यंत तलवारीसारखा वळत गेलाय. जवळ गेलं की वर्तुळात वर्तुळ आणि त्या वर्तुळात तीन भोवरे. आणखी जवळ गेलं की तळाशी मांजरं आणि उंदीर दिसतात. उंदरांच्या तोंडात प्रसादाच्या भाकरीसारखी एक चकती. थोडं बाजूला एक काळं पाणमांजर मासा धरून बसलंय. आत्यानं तिचं भिंग आणलं आणि पडद्यावर धरलं. भिंगातून ठिपकेच दिसायला लागले, तेव्हा मी चित्र मोठं करून दिलं.

"मजकूर किती आहे ह्या पानावर?"

"नाव, आणि पुढचे दोन शब्द."

"तीन शब्दांना एक पान. आणि पान कशाचं?"

"वासराच्या कातड्याचं. अख्ख्या पुस्तकाला दीडशेच्या वर वासरं लागली असावीत असा अंदाज आहे."

तिनं मान हलवली. मग तिनं जे विचारलं ते आजवर मला कुणीही विचारलं नव्हतं. "मजकूर शुद्ध आहे का?"

शुद्ध नाही. केल्सचा मजकूर बऱ्याच ठिकाणी ढिला आहे हे अभ्यासकांना माहीत आहे, आणि एक चूक तर प्रसिद्धच आहे. मॅथ्यूच्या दहाव्या अध्यायात येशू सांगतो की मी शांती घेऊन आलेलो नाही, तलवार घेऊन आलोय. लॅटिनमध्ये तलवारीला शब्द आहे 'ग्लादियुम'. केल्सच्या लेखनिकानं लिहिलं 'गाउदियुम'. म्हणजे आनंद.

"तलवारीच्या जागी आनंद," आत्या सावकाश म्हणाली. तिला हसू आलं नाही. "एका अक्षराच्या हलगर्जीपणानं देवाचं म्हणणं उलटं झालं. आणि हा माणूस तिकडे उंदरांच्या मिशा काढत बसला होता. सोनं बाहेरून आणि आत पितळ."

"सोनं नाहीच त्यात. पिवळा आहे तो हरताळ."

ती एकदम माझ्याकडे वळली. हरताळ हा तिच्या धंद्याचा शब्द. आपल्याकडे पोथी लिहिताना चूक झाली की लेखनिक त्या जागी हरताळाचा लेप द्यायचा, तो वाळला की वर नवं अक्षर. 'हरताळ फासणे' तिथूनच आलं. सोमलाच्या जातीचं हे पिवळंधमक खनिज आपल्याकडे चूक झाकायला वापरलं जायचं, आणि केल्सच्या भिक्षूंनी त्यानंच सोन्याची उणीव भरून काढली. मी तिला शेंदराचंही सांगितलं. लॅटिनमध्ये शेंदराला 'मिनियम' म्हणत, आणि 'मिनिएचर' हा शब्द त्या शेंदरावरून आलाय, लहान आकाराशी त्याचा मुळात संबंध नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत लिंडिसफार्नची शुभवर्तमानं आहेत, आठव्या शतकाच्या सुरुवातीची. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बेटावर राहणाऱ्या एडफ्रिथ नावाच्या बिशपनं ती लिहिली असं मानतात. त्यात ल्यूकच्या शुभवर्तमानाचं पहिलं पान आहे. त्या एका पानावरच्या अक्षरांभोवती शेंदराचे दहा हजारांहून जास्त ठिपके दिलेत.

"एकेक ठिपका हातानं?"

"पिसाच्या लेखणीनं. एकेक."

"डोळे गेले असतील बिचाऱ्याचे," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

पण ती लगेच मूळ मुद्द्यावर आली. तिला हवं होतं कारण. इतकं कुणी उगाच करत नाही.

मी सांगितलं ते असं. त्या काळच्या पुस्तकाला पृष्ठक्रमांक नव्हते, अनुक्रमणिका नव्हती. जुन्या लॅटिन प्रतींत तर शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसायची. शब्द सुटे करून लिहायची सवय आयरिश भिक्षूंनी लावली, कारण लॅटिन ही त्यांची बोली नव्हती, त्यांना ती शिकावी लागे. त्याच लोकांनी पहिलं अक्षर मोठं करून पुढची अक्षरं पायऱ्या उतरल्यासारखी लहान लहान करत नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचं 'काथाख' नावाचं स्तोत्रांचं पुस्तक डब्लिनमध्येच आहे, त्यात हे दिसतं. ग्रंथाचं पहिलं अक्षर सगळ्यांत मोठं, अध्यायाचं त्याहून लहान, ओवीचं त्याहूनही लहान. बोटानं पानं उलटताना डोळ्याला कळावं की आपण कुठे आलो.

"हे पटतं," आत्या म्हणाली. "ही खूण झाली. आपल्या पोथ्यांत नाही का अध्याय संपला की लाल शाईनं समाप्तीची ओळ? दंड लाल, 'उवाच' लाल. हिंगूळ लावला, काम झालं. मग त्यात माणसं आणि मांजरं कशाला?"

"कारण नुसत्या लाल रंगानं कळतं की इथे काहीतरी सुरू होतं. काय सुरू होतं ते कळत नाही."

चर्चमधल्या रोजच्या प्रार्थनांसाठी दीडशे स्तोत्रं आठवड्याच्या वारांवर वाटलेली असत. प्रत्येक वाराचं पहिलं स्तोत्र जिथे येईल तिथे मोठं अक्षर, आणि तेराव्या शतकापर्यंत त्या अक्षराच्या पोटातली चित्रंही बरीचशी ठरून गेली. सोमवारी दावीद राजा आपल्या डोळ्यांकडे बोट दाखवतो, कारण स्तोत्र उजेडाबद्दल आहे. मंगळवारी तोंडाकडे, कारण ते जीभ आवरण्याबद्दल आहे. बुधवारी 'डी'च्या पोटात एक मूर्ख, हातात सोटा घेतलेला, देव नाही म्हणणारा. गुरुवारी 'एस'च्या खालच्या वळणात गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेला माणूस. शुक्रवारी घंटा वाजतात. शनिवारी गाणारे. लॅटिन कच्चं असलेल्या पोरसवदा भिक्षूलाही मंद उजेडात नेमकं पान सापडावं. बाराव्या शतकात पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातल्या ह्यू नावाच्या गुरूनं तर विद्यार्थ्यांना सांगून ठेवलंय की पाठ करायचं ते नेहमी एकाच प्रतीवरून करा, कारण अक्षराचा रंग, आकार आणि पानावरची जागा ह्यांच्या आधारानं मजकूर मनात बसतो.

"हे मात्र खरंय," आत्या म्हणाली. "मला अजून आठवतं, माझ्या पाचवीच्या पुस्तकात अमुक कविता डाव्या पानावर होती, आणि खाली कोपऱ्यात शाईचा डाग." थोडा वेळ गेला. "पण तो डागच होता. कुणी मुद्दाम काढला नव्हता."

सितोचं नाव ह्या टप्प्यावर निघालं. खरं तर ते मी राखूनच ठेवलं होतं, कारण आमच्या वादाइतकाच जुना वाद तिथे झाला आणि तो एकाच मठाच्या भिंतींमध्ये झाला.

फ्रान्समधल्या बर्गंडीत १०९८ साली काही भिक्षूंनी दलदलीच्या जागी नवा मठ काढला, सितो. साधेपणा, अंगमेहनत, नियम अक्षरशः पाळायचे. तिथे १११० च्या आसपास संत ग्रेगरीच्या ईयोब-भाष्याची प्रत तयार होत होती, ती ११११ मध्ये पुरी झाली. आता ती दिजोंच्या ग्रंथालयात आहे. तिची पहिली अक्षरं मी आत्याला एकेक करून दाखवली. एक 'क्यू' आहे, तो म्हणजे ओंडका फोडणारे दोन भिक्षू. एक 'आय' म्हणजे उभं झाड, खाली एक जण बुंध्यावर कुऱ्हाड घालतोय आणि वर चढलेला दुसरा फांद्या छाटतोय. ह्या अक्षरांत देव कमी आणि मठातला रोजचा दिवस जास्त आहे.

आत्या त्या ओंडक्यापाशी बराच वेळ थांबली. "अंगातला जोर काय दाखवलाय," ती म्हणाली. "आणि 'क्यू' आहे हे कळतंय."

मग मी बंदीचं सांगितलं. १११३ मध्ये बर्नार नावाचा तरुण ह्याच मठात दाखल झाला, दोन वर्षांनी त्यानं क्लेअरव्होचा मठ काढला आणि पुढे तो सितोच्या पंथाचा सगळ्यांत मोठा आवाज झाला. ११२५ च्या सुमारास त्यानं एका स्नेह्याला उद्देशून लिहिलेल्या लेखात मठांमधल्या सजावटीवर कोरडे ओढले. ओवऱ्यांच्या खांबांवर कोरलेली माकडं, सिंह, अर्धे माणूस अर्धे घोडे बघून भिक्षूचा दिवस जातो, हातातलं पुस्तक तसंच राहतं, असं त्याचं म्हणणं. आणि ह्या वेडेपणाची लाज वाटत नसेल तर निदान खर्चाची वाटू द्या. चर्चच्या भिंती झगमगतात आणि दारातला गरीब उपाशी आहे. शतकाच्या मध्यापर्यंत पंथाच्या नियमांत कलम आलं की पुस्तकांतली अक्षरं एकाच रंगात असावीत आणि त्यात चित्र नसावं.

"शाब्बास," आत्या टेबलावर हात ठेवून म्हणाली. "हा माझा माणूस. बघ, त्यानं दोन्ही गोष्टी सांगितल्या, लक्ष उडतं आणि पैसा जातो. गरिबाचं तोंड त्याला दिसत होतं. तुझ्या केल्समधल्या उंदराच्या तोंडात भाकरी आहे, दारातल्या माणसाच्या नाही."

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी ते देण्याचा प्रयत्नही केला नाही. सोनं, निळा दगड, कातडी ह्यांचा पैसा कुठून तरी येत होता, आणि तो बहुतेक वेळा शेत कसणाऱ्याकडूनच येत होता. पण मी तिला आणखी एक माणूस दाखवला.

ती झाडाची, ओंडक्याची अक्षरं ज्याच्या कारकिर्दीत रंगवली गेली तो सितोचा मठाधिपती स्टीफन हार्डिंग. जातीचा इंग्रज. मठासाठी बायबलची मोठी प्रत करायची ठरली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या लॅटिन प्रती जुळत नाहीत, काहींत भलत्याच ओळी जास्तीच्या आहेत. त्या काळी बहुतेकांनी जी जवळ आहे ती प्रत उतरवून काढली असती. हा उठून ज्यू पंडितांकडे गेला. त्यांना हिब्रू येत होतं, ह्याला नाही, म्हणून तो त्यांच्याशी तिथल्या लोकांच्या बोलीत बोलला. त्यांनी आपले ग्रंथ उघडून दाखवले. ज्या ओळी मुळात नव्हत्या त्या त्यानं आपल्या नव्याकोऱ्या प्रतीतून खरवडून काढल्या. आणि ग्रंथातच लिहून ठेवलं की ह्या ओळी पुन्हा कुणी घालू नयेत, आणि समासात कुणी काही लिहू नये. त्या बायबलमध्ये खरवडलेल्या जागा आजही दिसतात.

आत्यानं चष्मा काढून पुसला.

"समासात लिहू नये," ती म्हणाली. "आमच्याकडे लेखक दुसऱ्या मुद्रितात समासभर नवा मजकूर लिहून द्यायचे. मी रडकुंडीला यायचे." मग, "हा माणूस कोण म्हणालीस?"

मी नाव पुन्हा सांगितलं. तिनं ते वर्तमानपत्राच्या कडेवर लिहून घेतलं, हार्डिंगमधल्या 'ड'ला रफार आहे ना हे विचारून.

"म्हणजे ह्यानं आधी मूळ शुद्ध केलं आणि मग त्याच मठात ओंडके फोडू दिले."

"हो."

"आणि तरी पुढे बंदी आली."

"तो गेल्यावर कडक झाली, असं मानतात."

बंदीनंतरची अक्षरंही मी दाखवली. क्लेअरव्होचं मोठं बायबल, आता ते त्र्वा शहरात आहे. त्यातली अक्षरं एका रंगाची, पण त्या एका रंगाच्या फिकट-गडद छटा, आणि पानांची कोरीव नक्षी जागच्या जागी. गलका नाही. डोळा तिथे निवतो. आत्याला ती फार आवडली. "हे बघ, हे वाचतासुद्धा येतं. हे असं कर की." मलाही ती सुंदर वाटतात, ह्यात मला लपवायचं काही नाही. फक्त मला त्यात ओंडका फोडणारा तो भिक्षू दिसत नाही, आणि त्याची चुटपुट लागते. त्याच्या श्रमाला पुस्तकात जागा होती, ती एका कलमानं गेली.

"तू माणसांकडे बघतेस," आत्या म्हणाली, "मी मजकुराकडे."

"मजकूर माणसांनीच लिहिलाय ना गं."

२०१९ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन मला त्यावरून तिला सांगावंसं वाटलं. जर्मनीत डालहाइमला बायकांचा एक लहानसा मठ होता. तिथल्या दफनभूमीतल्या एका स्त्रीच्या दातांवरचं कीटण तपासत होते, ती मेली तेव्हा पंचेचाळीस ते साठ वर्षांची असावी, काळ अकरावं-बारावं शतक. शोधायचं होतं ती काय खात होती ते. कीटण विरघळवलं तर त्यातून निळे कण निघाले. तो निळा होता लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड, त्या काळी सोन्याच्या तोलाचा. तो दगड हजारो मैल चालून एका जोगिणीच्या दातांत कसा गेला, ह्याचं संशोधकांना सगळ्यांत पटलेलं उत्तर साधं आहे. ती पोथ्या रंगवत होती, आणि कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरत होती.

आत्याचा हात नकळत स्वतःच्या ओठांकडे गेला. पेन्सिलीचं टोक जिभेला लावायची तिची सवय मी लहानपणापासून पाहिली आहे.

त्या बाईचं नाव कुणालाच माहीत नाही. पण काहींनी आपली नावं अक्षरांतच ठेवून दिली. बाराव्या शतकातल्या गुडा नावाच्या जोगिणीनं प्रवचनांच्या पुस्तकात 'डी' रंगवला, त्यात स्वतःला उभं केलं आणि भोवती लिहिलं की मी पापी बाई, हे पुस्तक मीच लिहिलं आणि मीच रंगवलं. आणि अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात जर्मनीतल्या आउग्सबुर्गचं एक स्तोत्रांचं पुस्तक आहे, त्यातली क्लारिसिया ही माझी सगळ्यांत लाडकी. 'क्यू'चं गोल आणि त्याची शेपटी. ती शेपटी म्हणजे एक मुलगी, लांब वेण्या, लोंबत्या बाह्यांचा झगा. दोन्ही हात वर करून तिनं अक्षराचं गोल धरलंय आणि झोका घेतल्यासारखी ती तिरकी लटकली आहे. डोक्याशी नाव, क्लारिसिया.

"केवढी असेल गं?" आत्यानं विचारलं.

"तरुण असावी. डोकं झाकलेलं नाही, म्हणजे दीक्षा घेतलेली नसावी."

"आणि ती नसती तर अक्षर 'क्यू' झालं नसतं, 'ओ' राहिलं असतं." हे तिनं पाहिलं, मी नाही. एवढे महिने त्या चित्राकडे बघून माझ्या मनात हे आलं नव्हतं. त्या मुलीला पुसा, शब्द चुकतो.

मी संधी साधली. "आत्या, तू नव्या वहीच्या पहिल्या पानावर वर मधोमध 'श्री' लिहितेस. अडतीस वर्षं प्रत्येक नव्या कामाच्या पहिल्या मुद्रितावर पेन्सिलीनं लिहायचीस. ते कोण वाचायचं?"

"कुणी वाचायला नाही लिहायचं ते."

"मग?"

"हात बसावा म्हणून. सुरुवात झाली हे आपलं आपल्याला कळावं म्हणून. तिथे जरा थांबायचं असतं."

"तेच ते."

"तेच कसं? माझा 'श्री' अर्ध्या इंचात मावतो. त्याला वासरू लागत नाही."

सोन्याचं काम कसं चालायचं ते तिला बघायचं होतं, म्हणून मी माझं सामान काढलं. खडूच्या भुकटीत सरस आणि किंचित साखर घालून केलेला लेप अक्षरावर जाडसर चढवायचा. तो वाळला की कागदाच्या नळीतून त्यावर तोंडाची वाफ सोडायची. श्वासाच्या ओलीनं लेप चिकट होतो, त्या दोन-तीन क्षणांत वर्ख टेकवायचा आणि दाबायचा. मग घोटायचा. जुन्या कारागिरांकडे घोटायला कुत्र्याचा सुळा असे, माझ्याकडे अकीक आहे. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा भर उन्हाळ्याची दुपार होती आणि वर्ख एका जागी धरेना. पहाटे चारला उठून केलं, हवेत ओल होती, पहिल्याच श्वासाला बसला. आत्यानं नळी घेतली, श्वास सोडला, मी वर्ख टेकवला. तिच्या श्वासानं एक नखाएवढा चौकोन सोन्याचा झाला. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि पुढचं तिच्या तोंडून आलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"हे कुणी कापून नेलं असेल."

नेलं. एक-दोघांनी नाही. नेपोलियनच्या सैन्यानं १७९८ मध्ये रोममधल्या सिस्टिन चॅपेलच्या पोथ्या लुटल्यावर त्यातली चित्रं आणि अक्षरं कापून निघाली, आणि १८२५ मध्ये लंडनला चेलोत्ती नावाच्या व्यापाऱ्यानं ती लिलावात विकली. एकोणिसाव्या शतकात शौकीन लोक अक्षरं कापून वहीत चिकटवायचे. जॉन रस्किन, ज्यानं गॉथिक कारागिरांच्या हाताची महती साऱ्या युरोपला सांगितली, त्यानंच १८५४ च्या रोजनिशीत नोंद केली आहे की संध्याकाळी प्रार्थनापुस्तक कापलं, मेहनतीचं काम. विंचेस्टर कॅथेड्रलच्या बायबलमधूनही अक्षरं कापली गेली आहेत.

"आणि मागच्या बाजूचा मजकूर?" आत्यानं विचारलं. तिचा आवाज चढला होता. "पानाला दोन बाजू असतात ना! पुढून 'बी' कापला म्हणजे मागून सात-आठ ओळी गेल्या. त्या कुणी वहीत चिकटवल्या का? साधा काळा मजकूर कुणीच कापून नेत नाही. तू अक्षराला मजकुराहून मोठं केलंस की ते मजकुरातून सुटतं, आणि सुटलं की विकलं जातं. बर्नारला हे कळलं होतं. त्याच्या एकरंगी अक्षरांना कात्री लावायचा मोह कमीच झाला असेल."

मी गप्प राहिले. त्या दिवशीच्या बोलण्यात तिचा हा मुद्दा सगळ्यांत खरा होता आणि आजही मला तो खोडता येत नाही. अक्षर जितकं सुंदर, तितकी ग्रंथाच्या जिवाला भीती जास्त. मी आवडीनं जपून ठेवलेल्या चित्रांपैकी कितीतरी अशीच कापलेली आहेत, संग्रहालयाच्या भिंतीवर चौकटीत, आणि त्यांच्या पाठीवर अर्धे शब्द आहेत.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "ते विंचेस्टरचं दाखव."

विंचेस्टर बायबल ११६० च्या आसपास सुरू झालं, ४६८ पत्रं, सगळा मजकूर मुख्यतः एकाच लेखनिकाच्या हातचा. रंगवणारे मात्र अनेक, आणि त्यांचं काम पुरं झालंच नाही. म्हणून ते मला शिकायला फार उपयोगी. काही अक्षरं नुसती रेखाटून ठेवलीत. काहींवर सोनं चढलंय आणि रंग नाही, म्हणजे सोन्याच्या पार्श्वभूमीवर कोरी माणसं उभी आहेत, चेहऱ्याविना. सोनं आधी आणि रंग नंतर हा क्रम तिथे उघडा पडलेला दिसतो. त्यानंतर मी तिला वेनिसमध्ये पंधराव्या शतकात छापलेल्या एका लॅटिन पुस्तकाचं पान दाखवलं. छपाई आली तरी पहिली अक्षरं बरीच वर्षं हातानंच रंगवत, त्यासाठी छापणारा चौकोनी जागा कोरी सोडायचा. ह्या पानावर ती जागा कोरीच राहिली आहे. रंगाऱ्याकडे पुस्तक कधी गेलंच नाही.

"हे काय?" आत्यानं कोऱ्या चौकोनाच्या मधोमध बोट ठेवलं. "इथे इवलंसं काहीतरी आहे."

"ते रंगाऱ्यासाठी. कुठलं अक्षर काढायचं ते त्याला कळावं म्हणून. हातानं लिहायचे तेव्हा लेखनिक असंच बारीक अक्षर समासात लिहून ठेवायचा. रंगाऱ्याला कधी कधी लॅटिन यायचं नाही. त्यानं ही खूण चुकीची वाचली की शब्द चुकायचा, आणि तशी उदाहरणं आहेत."

ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. चौकोन चांगला अंगठ्याएवढा, अक्षर मुंगीएवढं. ज्याला दिसायचं त्याला दिसावं आणि त्याच्यावर रंग चढला की नाहीसं व्हावं, इतकंच.

"हे मुद्रिताचं काम आहे," आत्या म्हणाली. "हे आमचं."

मग तिनं माझे कागद ओढून घेतले. अकरा प्रकरणांची पहिली पानं, दहा चौकोन अजून कोरे. 'किनारा'च्या पानाला तिनं हात लावला नाही, ते माझ्या बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "ह्यावर माझं म्हणणं कायम आहे." मग पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि कोऱ्या चौकोनांमध्ये, मधोमध, एकेक बारीक अक्षर लिहीत गेली. 'व', 'पा', 'झ', 'ओ'. सातव्या चौकोनाशी थांबली, प्रकरणाची पहिली ओळ पुन्हा वाचली आणि अक्षर लिहून कागद माझ्याकडे फिरवला.

"हा 'भि'. वेलांटी पहिली आहे, दुसरी नाही. नीट बघून रंगव."